प्रश्न विचारण्याची भाषा

‘कलाशाखेच्या मुलांना संगणकातले काय कळणार?’ हे आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की आता आम्हीच ते स्वतःला ऐकवू लागलो आहोत. मला हे मान्य नाही, आणि त्याला कारण माझीच एक फजिती आहे.

माझ्या मावशीचा बचतगट मसाले व लोणची इंटरनेटवरच्या स्वतःच्या दुकानातून विकतो. दिवाळीनंतर नफा वाटायचा होता. हिशेब माझ्याकडे आला. ऑर्डरी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये साठलेल्या. त्याच्याशी बोलायला मध्ये कनेक्टर लागतो, दुभाष्याच म्हणा ना! पायथॉनमधून लिहिलेला प्रश्न तो पोहोचवतो आणि उत्तराच्या ओळी आणून देतो. प्रश्न शहाणपणाचा आहे की नाही, हे पाहणे त्याचे काम नव्हे.

मी ऑर्डरींचा तक्ता वस्तूंच्या तक्त्याला जोडला आणि ऑर्डरींच्या रकमांची बेरीज मागितली. आकडा पाहून मावशी हरखली. पण बँकेत तर कितीतरी कमी पैसे! “मग बाकीचे गेले कुठे?” असे एका काकूंनी विचारले, आणि सगळ्या जणी मावशीकडे पाहू लागल्या. ते क्षण मी विसरणार नाही.

घोळ माझा होता. ऑर्डरीत तीन वस्तू असल्या की जोडणीत तिच्या तीन ओळी होतात. सहाशेची ऑर्डर अठराशेची होऊन बसते. रद्द झालेल्या ऑर्डरीही मी वगळल्या नव्हत्या. चूक सापडली ती मावशीच्या वहीमुळे. तिथे एका ऑर्डरीला एकच ओळ होती.

एडगर कॉड यांनी १९७० साली तक्त्यांची ही कल्पना मांडली. १९७४ मध्ये चेंबरलिन व बॉइस यांनी तिच्यासाठी भाषा रचली, तीच पुढे एसक्यूएल झाली. काय हवे ते सांगावे, कसे शोधायचे ते डेटाबेसने ठरवावे, अशी तिची रीत. मग नेमके सांगणे हा कोणाचा प्रांत? ‘प्रत्येकी’ आणि ‘एकूण’ यांतला भेद आम्हांला व्याकरणाच्या तासालाच शिकवला होता. म्हणून म्हणतो, आठवड्याचे दोन तास भाषाविभागाने याला द्यावेत.

आणि पहिल्याच तासाला केवळ वाचनाची परवानगी असलेले खाते वापरायला शिकवावे. त्या तक्त्यांत गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबरही असतात. बेरजेला त्यांची गरज नसते.

मावशी मात्र आमच्या विभागासाठी थांबायला तयार नाही. येत्या रविवारी ती वही घेऊन माझ्याकडे शिकायला येणार आहे.