सोनोग्राफीच्या कागदावरची शेवटची ओळ

मंडळी, पोस्ट जरा लांबली आहे. पण घरात गरोदर लेक-सून असेल तर शेवटपर्यंत वाचा.

गोष्ट आमच्या पेडगावची. (परभणीचं पेडगाव, श्रीगोंद्याचं नव्हे.) चुलत भावाच्या बायकोची सातव्या महिन्यात सोनोग्राफी झाली. वाढ चांगली आहे म्हणाले, सगळे खूश. कागद फाईलीत, फाईल लोखंडी पेटीत. पहिलं बाळंतपण, म्हणून वहिनी माहेरी गेली. फाईल इथंच राहिली.

मुलगा झाला, पेढे वाटले. मग वर्षभर लेकराला सारखा ताप. औषध दिलं की दोन दिवस बरं, परत तेच. कुणी म्हणालं दात येतायत, कुणी म्हणालं दृष्ट लागली. लघवी थेंब थेंब व्हायची, ते कुणी मनावरच घेतलं नाही. शेवटी मोठ्या शहरात नेलं तेव्हा कळलं, मूत्रमार्गात जन्मापासून पडदा आहे. तोवर एक किडनी जवळपास गेलेली.

परत आल्यावर पेटी उघडली. रिपोर्टच्या शेवटी इंग्रजीत लिहिलेलं होतं: दोन्ही किडन्या फुगलेल्या, मूत्राशयाची भिंत जाड, जन्मानंतर तपासणी करावी. म्हणजे मशीननं तेव्हाच पकडलं होतं. ती ओळ बाळापर्यंत पोचलीच नाही.

या दोषाला पोस्टेरिअर युरेथ्रल व्हॉल्व्ह म्हणतात. साधारण ५ ते ८ हजार मुलग्यांत एकाला होतो, आणि फक्त मुलग्यांनाच होतो. इथंच एक अडचण आहे. १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यानं पोटातल्या बाळाचं लिंग शब्दानं, खुणेनं, कसंही सांगता येत नाही. या आजाराचं नाव लिहिलं की मुलगा आहे हे सांगितल्यासारखंच. मग डॉक्टर 'मूत्रमार्गात अडथळा' असं मोघम लिहितात. कायदा हवाच, त्यात तडजोड नको. मराठवाड्यानं पोटातच मुली जाताना पाहिल्यात. पण बाळ जन्मलं की ते बंधन संपतं. तेव्हा तरी कुणीतरी तो कागद उघडायला नको का?

पुढच्या तपासण्या फार अवघड नाहीत. जन्मानंतर बाळाची सोनोग्राफी. अडथळ्याची शंका असेल तर लगेच. साधी सूज असेल तर दोन दिवसांनी, कारण पहिल्या दोन दिवसांत बाळ लघवी कमी करतं आणि सूज दिसत नाही. मग एमसीयू, म्हणजे बारीक नळीनं मूत्राशयात औषध सोडून लेकरू लघवी करत असताना काढलेला एक्स-रे. अडथळा कुठं आहे ते त्यात दिसतं. पडदा दुर्बिणीतून कापता येतो. घाबरवायचं नाहीये. पोटात दिसलेली बरीचशी सूज आपोआप जाते. पण कोणती जाईल हे घरी बसून कळत नाही.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याच्या यादीत नऊ जन्मदोष आहेत: दुभंगलेला ओठ, वाकडे पाय, हृदयाचे दोष वगैरे. किडनी-मूत्रमार्ग त्यात नाही. परभणीत २०२३ ला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथं असा एक्स-रे कोणत्या वारी होतो हे प्रत्येक आशाताईला माहीत हवं.

माझं म्हणणं एवढंच. माता-बाल कार्डावर एक रकाना वाढवा: 'सोनोग्राफीत काही सांगितलं होतं का? जन्मानंतर तपासलं का?' खर्च शाईचा. शेवटची ओळ मराठीत लिहा. यादीत किडनीचे दोष घाला.

ते होईल तेव्हा होईल. आज तुम्ही एक करा. बाळंतपणाला जाताना फाईल पिशवीत टाका आणि बाळाच्या डॉक्टरला दाखवा. लेकराची धार बारीक असेल, कुंथावं लागत असेल, कारण नसताना ताप येत असेल तर लघवी तपासा, सोनोग्राफी करा.

आमच्या पेटीतला कागद वर्षभर उशिरा वाचला गेला. तुमच्या पेटीत काय आहे ते बघा.