घाटाच्या दिवशी इन्शुलिन किती?

ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुणे सोडून सासवडला निघते तो दिवस बहुधा योगिनी एकादशीचा असतो. तीसेक किलोमीटरची चाल, मध्ये दिवे घाटाची चढण आणि वर उपास. या गर्दीत पिशवीत इन्शुलिनचं पेन घेऊन चालणारे असतात, आणि सकाळी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन निघालेलेही. त्यांच्यापैकी कितीजणांच्या डॉक्टरांनी घाटाच्या दिवसाचा डोस वेगळा लिहून दिलेला असतो? माझा अंदाज, फार थोड्यांच्या.

आपल्याकडच्या चिठ्ठीवर गोळीचे मिलिग्रॅम असतात, इन्शुलिनची युनिटं असतात आणि तळाशी मोघम एक शब्द: चालणे. किती, जेवणाआधी की नंतर, त्या दिवशी सुईचं काय, याचा पत्ता नसतो. शुगर उतरवायला चालण्यासारखा स्वस्त उपाय नाही हे खरंच. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटंसुद्धा फरक पाडतात. पण ज्याने शुगर उतरते त्याचाही डोस जास्त होऊ शकतो, हे आपण विसरतो.

चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनच्या मदतीशिवायही ओढून घेतात. निरोगी माणसाचं स्वादुपिंड हे ओळखून आपलं इन्शुलिन कमी करतं आणि यकृत साठ्यातली साखर रक्तात सोडत राहतं. टोचलेल्या इन्शुलिनला मात्र मागे बोलावता येत नाही. ते यकृतालाही अडवून धरतं. म्हणजे खर्च वाढलेला आणि आवक बंद. त्यात सुई मांडीत घेऊन लगेच चालायला लागलं तर औषध आणखी लवकर रक्तात उतरतं. म्हणून चालायच्या दिवशी पोट बरं. लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते, १९२३ मध्ये इन्शुलिन मिळालं म्हणून वाचले. व्यायामाने इन्शुलिनचा परिणाम वाढतो, हे त्यांनी १९२६ मध्येच लिहून ठेवलं. शंभर वर्षं होत आली, आमच्या चिठ्ठीपर्यंत ते अजून पोचायचं आहे.

आणि धोका घाट चढल्यावर संपत नाही. रिकामे झालेले स्नायू रात्रभर साखर भरून घेत राहतात, चोवीस तास किंवा त्याहूनही जास्त. सासवडच्या मुक्कामात मध्यरात्री घाम फुटणं, हात थरथरणं, माणूस असंबद्ध बोलू लागणं याला 'दमला असेल, झोपू द्या' म्हणून सोडू नये. ग्लुकोमीटरवर आकडा ७० च्या खाली असेल, किंवा मीटर हाताशी नसेल आणि शंका असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना. शेंगदाण्याची चिक्की यावेळी कामाची नाही. तिच्यातल्या तेलामुळे साखर सावकाश चढते. आणि ती साखरेची पुडी खिशात हवी. दिंडीच्या ट्रकमधल्या बोचक्यात असून उपयोग काय?

याच्या उलट चूकही होते. 'माउली, एवढं चालतोय, सुई कशाला?' असं म्हणून इन्शुलिन पार बंद करणारे भेटतात. टाइप १ मधुमेहात हा खेळ जिवावर बेततो. अंगात इन्शुलिनच नसेल तर चालण्याने शुगर उतरत नाही, वाढत जाते, आणि चरबी जळून रक्तात कीटोन साचतात. शुगर २५० च्या वर आणि कीटोन सापडले तर त्या दिवशी चालायचं नाही. तेव्हा उपचार आधी, घाट नंतर.

मग करायचं काय? डोस कमी करायचा, बंद नाही. मोठ्या चालीआधीच्या जेवणाचं इन्शुलिन काहींना निम्म्यावर आणावं लागतं, तर काहींना थोडंच कमी पुरतं. ते माणसागणिक बदलतं, त्यामुळे शेजाऱ्याचा आकडा आपल्याला चालत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना शुगर फार उतरण्याची भीती जवळपास नाही, त्यांनी निर्धास्त चालावं. उपासाबद्दल मी स्पष्टच सांगतो: इन्शुलिन घेऊन, काही न खाता घाट चढणं मला मुळीच मान्य नाही.

वारीला जाणार असाल, ट्रेकला किंवा नुसतं शेतावर राबायला, तर निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडे जा आणि घाटाच्या दिवसाचा आकडा कागदावर लिहून घ्या. डॉक्टर नुसतं 'जपून चाला' म्हणाले, तर खुर्चीवरून उठू नका.