दूध : पूर्णान्न नव्हे, पूरक अन्न

गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. उरलेल्या भागात दुग्धशर्करा, स्निग्धांश, प्रथिने, खनिजे आणि काही जीवनसत्त्वे येतात. शंभर ग्रॅम दुधातून सव्वातीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. दुधाचे मोल या घटकांवरून ठरले पाहिजे. प्रत्यक्षात ते कधी आंधळ्या श्रद्धेवरून ठरते, तर कधी तितक्याच आंधळ्या तिरस्कारावरून.

दूध हे पूर्णान्न आहे, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. पण दुधात लोह नगण्य आहे, क जीवनसत्त्व अल्प आहे आणि तंतू मुळीच नाहीत. जेवायचा कंटाळा करणाऱ्या मुलाला पेल्यावर पेले दूध पाजले की पोट भरते, भाजीभाकरीची भूक मरते आणि रक्तक्षयाला वाट मोकळी होते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईच्या दुधाऐवजी वरचे दूध देणे त्याहून घातक. त्यात प्रथिने जवळजवळ तिप्पट असल्याने बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर भार पडतो.

साय जितकी जाड तितके दूध कसदार, हा समजही टिकत नाही. साय म्हणजे मुख्यतः स्निग्धांश. प्रथिने आणि कॅल्शियम बहुतांशी खालच्या दुधातच राहतात. सायीबरोबर अ जीवनसत्त्व जाते, एवढे मात्र खरे. मुंबईच्या दूधयोजनेत दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधात पाणी व स्निग्धांशविरहित दुधाची भुकटी मिसळून टोन्ड दूध तयार केले, तेव्हा तेवढ्याच म्हशींच्या दुधात अधिक घरांची गरज भागली. त्याला ‘पाणी घातलेले दूध’ म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे.

उकळल्याने दुधातले सत्त्व जाते, म्हणून निरसे दूध प्यावे, असेही सांगतात. उष्णतेने क आणि ब-१ ही जीवनसत्त्वे काही प्रमाणात घटतात. पण दूध त्यांच्यासाठी प्यायले जातच नाही. प्रथिनांचे पोषणमूल्य आणि कॅल्शियम जवळपास तसेच राहते. उलट निरशा दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिससारखे रोग पसरतात.

‘ए-टू’ दुधासाठी दुप्पट-तिप्पट दाम मोजणाऱ्यांनीही थांबून विचार करावा. ए-वन आणि ए-टू या बीटा-केसिन प्रथिनाच्या साखळीत एकाच अमिनो आम्लाचा फरक आहे. २००९ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पुरावे तपासले, तेव्हा ए-वन दुधाचा मधुमेहाशी वा हृदयरोगाशी कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही. शिवाय म्हशीचे दूध बहुतांशी ए-टूच असते.

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, दूध माणसाचे अन्नच नव्हे. बालपणानंतर पुष्कळांच्या शरीरात दुग्धशर्करा पचवणारे लॅक्टेज कमी होते, हे खरेच. पण त्यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात जुना आहे. विरजणातले जीवाणू दुग्धशर्करेचा काही भाग आधीच आंबवतात, म्हणून दूध न पचणाऱ्यालाही दही-ताक बहुधा सोसते. दुधामुळे हाडांतले कॅल्शियम झिजते, हा आरोप तर निराधार आहे. दुधातले सुमारे ३० टक्के कॅल्शियम शरीरात शोषले जाते. पालकात ऑक्झलेटमुळे हे प्रमाण ५ टक्क्यांच्या घरात राहते.

दुधाचे खरे सामर्थ्य इतर अन्नाची उणीव भरून काढण्यात आहे. ज्वारी, गहू, तांदूळ यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. दुधात ते भरपूर असते. त्यामुळे दूधभाकरी किंवा दहीभात खाल्ला की धान्यातल्या प्रथिनांचा उपयोगही वाढतो. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून जवळपास मिळतच नाही. अंडी-मासे न खाणाऱ्यांसाठी दूध आणि दुधाचे पदार्थ हाच त्याचा मुख्य नैसर्गिक आधार.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारसूचनांत दिवसाकाठी सुमारे ३०० मिलिलिटर दूध किंवा दही सुचवले आहे, तेही धान्य, डाळी, भाज्या आणि फळांच्या जोडीने. हीच दुधाची योग्य जागा आहे. ज्यांना ते मुळीच सोसत नाही, त्यांनी कॅल्शियम नाचणी-तिळातून आणि ब-१२ अंडी-माशांतून किंवा वैद्यकीय सल्ल्याने घ्यावे. बाकीच्यांनी दूध तापवून प्यावे, बेताने प्यावे आणि जेवणाच्या ऐवजी न पिता जेवणाच्या जोडीला प्यावे.