रात्री २ वाजता कोण उठणार?

मंडळी, भाच्याने आमच्या वन्संसाठी वृद्धाश्रम निवडला. बाग पाहिली, देऊळ पाहिलं. रात्री २ वाजता संडासला कोण नेणार, हे विचारलंच नाही! आठवड्यात वन्सं पडल्या.

१९६३ साली डॉ. काट्झ यांनी अमेरिकेत सहा गोष्टींची साधी कसोटी मांडली: आंघोळ, कपडे, संडासला जाणं, उठबस, शौच-लघवीवर ताबा, जेवण. यातलं स्वतःचं स्वतःला काय जमतं ते आधी बघा, मग जागा शोधा. आणि सगळं जमणाऱ्या माणसाला आजाऱ्यांत नेऊन टाकणं हाही अन्यायच.

पण मुलांनो, आधी आईला विचारा. मी जन्मभर वर्गात हजेरी घेतली. 'हजर' ज्याचं त्यानेच म्हणायचं असतं!