बंदुकीचा हिशेब कोण मागणार?

१८ ऑक्टोबर २००४ रोजी चंदनतस्कर वीरप्पन मारला गेला आणि देशाने सुटकेचा निःश्वास टाकला. तमिळनाडू शासनाने विशेष कृती दलाच्या जवानांना प्रत्येकी तीन लाख रुपये, घरासाठी भूखंड आणि बढती जाहीर केली. या प्रदीर्घ मोहिमेत अनेक पोलिसांनी प्राण वेचले होते. त्यांच्या शौर्याविषयी आमच्या मनात आदरच आहे.

तथापि त्याच जंगलात आणखीही माणसे राहत होती. माले महादेश्वर आणि सत्यमंगलमच्या डोंगरांतील गरीब गावकरी दुहेरी कचाट्यात सापडले होते. पोलिसांचा खबऱ्या म्हणून वीरप्पन त्यांना मारी. वीरप्पनला शिधा पुरवणारे म्हणून पोलीस त्यांना धरून नेत. बेकायदा डांबून ठेवणे, मारहाण, विजेचे झटके, स्त्रियांवरील अत्याचार अशा तक्रारी दोन्ही राज्यांच्या कृती दलांविरुद्ध होत्या. ‘टाडा’खाली वर्षानुवर्षे तुरुंगात पडलेल्या बहुतेकांना २००१ साली म्हैसूरच्या न्यायालयाने निर्दोष सोडले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९९ साली न्यायमूर्ती सदाशिव यांची समिती नेमली. २००३ साली तिचा अहवाल आला. २००७ साली आयोगाने ८९ जणांना एकूण २ कोटी ८० लाख रुपये भरपाई देण्याची शिफारस केली. सरासरी काढली, तर माणशी तीन लाखांहून थोडे अधिक. जवानाचे बक्षीस आणि पीडिताची भरपाई जवळजवळ सारखीच! फरक एवढाच की, बक्षीस तत्काळ जाहीर झाले आणि भरपाईची वाट वर्षानुवर्षे पाहावी लागली.

आमचा प्रश्न असा की, या साऱ्या काळात विधिमंडळे कोठे होती? संविधानानुसार पोलीस हा राज्यांचा विषय आहे. कृती दलाची प्रत्येक गोळी, प्रत्येक जीप आणि प्रत्येक भत्ता विधानसभेने मंजूर केलेल्या पैशातून येतो. पैसा देणाऱ्याने हिशेब मागू नये, हा कोणता न्याय? आमदार प्रश्न विचारतात, मंत्री उत्तर देतात आणि विषय संपतो. दलाच्या कोठडीत जाऊन पाहील, नोंदवह्या मागवील, अधिकाऱ्यांना बंद दाराआड समोर बसवील, अशी खास कायमस्वरूपी समिती आमच्या विधिमंडळांनी निर्माण केली नाही.

केंद्रातील स्थिती याहून चिंताजनक आहे. गुप्तवार्ता विभागाचा उगम १८८७ सालचा. ‘रॉ’ १९६८ साली स्थापन झाली. या दोन्ही यंत्रणा संसदेने केलेल्या स्वतंत्र कायद्यावर उभ्या नाहीत. २०११ साली खासदार मनीष तिवारी यांनी यासंबंधी खासगी विधेयक मांडले; त्याचा कायदा झाला नाही.

यावर सांगितले जाते की, गुप्तता भंगेल आणि जवानांचे मनोधैर्य खचेल. मग ब्रिटनने १९९४ साली कायदा करून गुप्तचर यंत्रणांवर देखरेख करणारी खासदारांची समिती नेमली, ती काय देश बुडवण्यासाठी? अमेरिकेत सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने १९७५ साली गुप्तचर यंत्रणांचे गैरप्रकार उघड केले आणि पुढच्याच वर्षी सिनेटने त्यांच्यासाठी कायम समिती स्थापिली. या देशांना शत्रू नाहीत काय? मनोधैर्य खचते ते चौकशीने नव्हे. काही थोड्यांच्या क्रौर्याचा डाग सर्वांच्या गणवेशाला लागतो, तेव्हा ते खचते.

न्यायालये आणि आयोग आहेतच, असेही म्हटले जाते. १९९३ च्या मानवाधिकार संरक्षण कायद्यानुसार घटनेला एक वर्ष उलटल्यावर आयोगाला चौकशी करता येत नाही. केंद्राच्या सशस्त्र दलांविरुद्ध तक्रार असेल, तर आयोग केंद्र शासनाकडून केवळ अहवाल मागवू शकतो आणि त्यावर शिफारशी करू शकतो. जंगलातील निरक्षर बाई एका वर्षात दिल्लीचा दरवाजा कसा ठोठावणार?

हा प्रश्न परराज्याचा म्हणून आम्हाला दूर सारता येणार नाही. गडचिरोलीत १९९० पासून ‘सी-६०’ पथक काम करीत आहे. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ पोलीस धारातीर्थी पडले. अशा जवानांवर खोटा आरोप झाला, तर त्यांचे निरपराधित्व ठामपणे सांगू शकेल अशी निःपक्ष समितीही हवीच. देखरेख ही जवानाची वैरीण नव्हे, ती त्याची साक्षीदार आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक विशेष दल कायद्याने स्थापन व्हावे आणि त्याला मुदत असावी. मुदतवाढ हवी असेल, तर ती सभागृहाकडूनच घ्यावी. सर्वपक्षीय समितीला कोठडीत शिरण्याचा आणि दप्तर पाहण्याचा अधिकार असावा. तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे असावे. आणि मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपण विचारावे : आमच्या नावाने जी बंदूक उचलली जाते, तिचा हिशेब तुम्ही मागणार आहात काय?