रामसेजचा गड आणि हिरवा पट्टा

नाशिकाहून उत्तरेस चार-पांच कोसांवर, आशेवाडीच्या माथ्यावर, रामसेजचा किल्ला आहे. प्रभु रामचंद्र वनवासांत येथें विश्रांतीस येत, म्हणून हें नांव, अशी लोकांची श्रद्धा. गड दिसावयास अगदीं साधा. सह्याद्रींतील इतर दुर्गांच्या मानानें बुटकाच म्हणावयाचा. परंतु १६८२ सालीं औरंगजेबाचा सरदार शहाबुद्दीनखान या गडास वेढा घालून बसला, तेव्हां चार दिवसांत हातीं येईलसा वाटणारा हा किल्ला मोंगलांना कित्येक वर्षें पुरून उरला.

खाफीखान हा मोंगलांच्या पक्षाचा इतिहासकार; पण त्यानेंही गडकऱ्यांचें शौर्य झांकून ठेवलें नाहीं. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तर मराठ्यांनीं लांकडाच्या तोफा करून त्या चामड्यानें मढविल्या. खानानें गडावर मारा करण्यासाठीं प्रचंड लांकडी दमदमा उभारला, तोही व्यर्थ गेला. पुढें बहादूरखान आला. त्याच्या छावणींत कोणा मांत्रिकानें शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग करवून घेतला आणि तो हातीं धरून स्वारी सैन्याच्या अग्रभागीं चालूं लागली. वरून गोफणीचा एक धोंडा नेमका छातीवर बसला. नाग एकीकडे आणि मांत्रिक दुसरीकडे!

अखेरीस गड गेला तो मात्र सोन्यानेंच. ज्या किल्लेदारानें तो झुंजविला होता, त्याची दुसऱ्या किल्ल्यावर नेमणूक झाली. त्याच्या जागीं जो आला त्याच्याशीं मोंगलांनीं संधान बांधलें, आणि द्रव्य घेऊन त्यानें गड त्यांच्या हवालीं केला. कडे तेच, तट तोच, पाण्याचीं टाकीं तींच. बदलला होता तो किल्लेदार.

हा प्रसंग वाचला कीं आम्हांस एक विलायती कथा हटकून आठवते. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोणा अज्ञात इंग्रज कवीनें ती रचली. तिची एकच हस्तलिखित प्रत आज शिल्लक आहे. आर्थर राजाच्या दरबारीं नववर्षाच्या मेजवानीस एक अंगानें आणि वस्त्रानें हिरवागार असा वीर कुऱ्हाड घेऊन येतो. कोणीही आपल्यावर एक घाव घालावा आणि वर्षानंतर आपला घाव सोसण्यास यावें, असें त्याचें आव्हान. राजाचा भाचा गवेन पुढें होऊन त्याचें शिर उडवितो. तो तें उचलून घेतो आणि भेटीची आठवण देऊन चालता होतो! वर्ष सरत येतें. गवेन दिल्या वचनासाठीं कडाक्याच्या थंडींत एकटा निघतो, आणि वाटेंत एका वाड्यांत उतरतो. तेथील यजमानाशीं त्याचा करार ठरतो, कीं तीन दिवस यजमानानें शिकारींत जें मिळवावें तें गवेनला द्यावें, आणि गवेनला घरांत जें मिळेल तें त्यानें यजमानास द्यावें.

यजमानीणबाई तीन दिवस त्याला मोह घालते. गवेन शील सोडीत नाहीं. ती सोन्याची अंगठी देऊं करते, तीही तो घेत नाहीं. मग ती एक हिरवा रेशमी पट्टा पुढें करते. तो ज्याच्या कमरेस असेल त्यास कोणी मारूं शकत नाहीं. मात्र ही गोष्ट पतीस कळतां कामा नये. लवकरच मान कुऱ्हाडीखालीं द्यावयाची आहे! गवेन पट्टा घेतो, आणि लपवितो.

आमच्या मतें सारी कथा या अंगठींत आणि पट्ट्यांत आहे. सोनें नाकारणारा मनुष्य प्रामाणिक खरा. पण तो सोन्यापुरता. ज्याची हांव नाहीं तें नाकारण्यांत परीक्षा ती कसली? रामसेजच्या किल्लेदाराला द्रव्यानें गांठलें, गवेनला जिवाच्या आशेनें. चोराला महाद्वार फोडावयाचें नसतें. परसदाराची कडी सैल मिळाली कीं त्याचें काम झालें.

हिरवा वीर म्हणजे तो यजमानच निघतो. दोनदां तो घाव हुकवितो आणि तिसऱ्यानें मानेवर नुसता ओरखडा काढतो. तो त्या पट्ट्याबद्दल. गवेन लाजेनें चूर होतो, आणि त्या भरांत स्त्रीजातीला बोल लावतो. हा भाग आम्हांस मुळींच रुचत नाहीं. पट्टा लपविण्यास हात त्याचेच होते. पण पुढें तो जें करतो तें मोठें आहे. पट्टा तो फेंकून देत नाहीं. आपल्या दोषाची खूण म्हणून अंगावर बांधून दरबारांत येतो आणि सर्वांदेखत सारें सांगतो. दरबार हंसतो, आणि तेव्हांपासून प्रत्येकजण तसाच पट्टा मिरवूं लागतो!

हें हंसणें ममतेचें कीं उथळपणाचें, यावर विद्वानांचे वाद आहेत. आम्हांस तें हंसणें परिचयाचें वाटतें. आमच्या वर्गांत एकदां सहामाहीचा निकाल वाचून झाल्यावर एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, कीं शेवटचें उदाहरण त्यानें शेजाऱ्याच्या पाटीवरून नव्हे, तर त्याच्या उत्तरपत्रिकेवरूनच उतरविलें होतें. वर्गांत हंशा पिकला. 'हरिश्चंद्र' हें नांव त्याला त्याच दिवशीं चिकटलें. नियमाप्रमाणें आम्हीं गुण कमी केले. नंबर दुसऱ्यावरून पांचवा झाला.

दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील आले; चांगले शिकलेले गृहस्थ. मुलानें नक्कल केली याचा राग त्यांना फारसा दिसला नाहीं.

"मास्तर," ते म्हणाले, "हा बोललाच नसता, तर कोणाला कळलें असतें?"

मुलगा शेजारींच उभा होता. तो वडिलांकडे पाहत नव्हता. आम्ही काय उत्तर देतों तिकडे त्याचें लक्ष लागलें होतें.