कराड ते कवलापूर, १५ मिनिटं

परवा अमेरिकेतल्या भाच्याने नेटवर काहीतरी शोधलं आणि लगेच फोन केला. कराड विमानतळ ते सांगली विमानतळ, सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटर, उड्डाणाचा वेळ १५ मिनिटं. "मामा, मग साताऱ्याहून आजीकडे जायला तुला तीन तास कसे लागतात?"

आता काय सांगणार! कराडची धावपट्टी खरी आहे. कोयना धरणाच्या कामासाठी १९५० च्या दशकात बांधलेली, लांबी जेमतेम १२८० मीटर. छोटी विमानं उतरतात तिथे. पण सांगलीचा 'विमानतळ' म्हणजे तासगाव रस्त्यावरचं कवलापूरचं माळरान. सुमारे १६० एकर जागा आणि नावापुरती उरलेली जुनी धावपट्टी. नेटला काय, दोन ठिपके दिसले की रेघ ओढायची!

तरी समजा, विमान सुरू झालंच. साताऱ्याहून कराडला एक तास. तासभर आधी हजर राहायचं. उडायचं १५ मिनिटं. पुढे कवलापूरहून गावात यायला रिक्षा शोधा, अर्धा तास. बेरीज करा, झाले की पावणेतीन तास! तेवढ्यात आपली एसटी इस्लामपूर, आष्टा करत सांगलीत पोचते. शिवाय लांबच्या प्रवासाला कोल्हापूरचं उजळाईवाडी आहेच, १९३९ पासूनचं, सांगलीहून तास-सव्वा तासावर. त्यामुळे "सांगलीला प्रवासी विमानतळ झालाच पाहिजे" या मागणीत मला काही फारसा दम वाटत नाही. (सांगलीकर नातेवाइकांनी रागावू नये.)

पण धावपट्टी मात्र हवी. हे मी ऑगस्ट २०१९ नंतर म्हणायला लागलो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. आई गावभागात, वरच्या मजल्यावर. इन्शुलिन दोन दिवसांपुरतं. इस्लामपूरकडचा रस्ता सांगलीवाडीला पाण्याखाली. मी साताऱ्यात फोन धरून बसलेलो, आणि तिच्या फोनची बॅटरी संपत आलेली. तिसऱ्या दिवशी गल्लीत बोट आली. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. बोटी कमी आणि चढणारी माणसं जास्त, असंच सगळीकडे होतं.

कवलापूर नदीपासून लांब आहे. तिथे मालवाहू विमान उतरण्याजोगी पट्टी असती तर बोटी, औषधं शहराच्या कोरड्या बाजूला तासाभरात आली असती. हेलिकॉप्टरला पट्टी लागत नाही हे मलाही कळतं हो, पण एका हेलिकॉप्टरमध्ये सामान ते किती मावणार?

म्हणून टर्मिनल, काचेचे दरवाजे वगैरे राहू द्या. पट्टी दुरुस्त करा, कुंपण घाला आणि ती जागा दुसऱ्या कशाला देऊन टाकू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

असो. भाच्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे दिवाळीला येताना मी तिकीट कोल्हापूरचंच काढू ना?"

काढ बाबा. घ्यायला मी येतो, एसटीने.